झाडांच्या शेंड्यांखाली

ऑल्टन टॉवर्सचं फाटक ओलांडून आत गेलं की समोर एकही रोलर कोस्टर दिसत नाही. दुतर्फा दुकानं असलेला सरळ रस्ता, त्याच्या टोकाला हिरवळ, पुढे तळं आणि तळ्याच्या पलीकडे मनोरे-बुरुजांचा प्रचंड दगडी वाडा. वाड्याच्या बऱ्याच भागाला छप्पर उरलेलं नाही. वरच्या खिडक्यांच्या चौकटींतून मागचं आभाळ दिसतं. ब्रिटनमधल्या सगळ्यांत गाजलेल्या थीम पार्कांपैकी एकात शिरताना पहिली नजर पडते ती या पडक्या वाड्यावर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ती कुणीतरी जपली म्हणून आज तिथं आहे.

माझी मावसबहीण डर्बीला राहते. तिथून हे ठिकाण तासाभराच्या आत. तिच्या लेकीला घेऊन मी गेले, तेव्हा त्या हिरवळीवर उभी राहून ती पोर चारही दिशांना मान वळवत होती.

"मावशी, राइड्स कुठं आहेत?"

"आहेत गं. झाडांमागे."

"पण इतक्या मोठ्या आहेत ना त्या? मग दिसायला नकोत?"

तिचा प्रश्न रास्तच होता. ज्या जागी माणसं उंचीचेच पैसे मोजतात, त्या जागी उंची लपवून ठेवायची, हे कोड्यात पाडणारं आहे. उत्तर स्टॅफर्डशायरमधल्या स्थानिक प्रशासनाच्या बांधकाम परवान्यांमध्ये आहे. पार्क ज्या चर्नेट नदीच्या खोऱ्याच्या कडेला वसलंय ते खोरं देखणं, वाडा आणि बाग संरक्षित, आणि आजूबाजूला नांदती गावं. म्हणून इथं बांधणाऱ्यांनी वर्षानुवर्षं एक मर्यादा पाळली आहे: झाडांच्या शेंड्यांच्या वर डोकं काढायचं नाही. राइड कितीही थरारक करा, पण खोऱ्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला ती दिसू नये.

हा वाडा श्रूजबरीच्या अर्लांचा. पंधराव्या अर्लनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या ओसाड, खडकाळ दरीत बाग उभी करायला घेतली, आणि सोळाव्या अर्लच्या काळात पुजिन या वास्तुकारानं वाड्यावर काम केलं. लंडनच्या पार्लमेंटची गॉथिक सजावट ज्याची, तोच हा पुजिन. पुढे घराण्याला एवढा पसारा झेपेना. 1924 मध्ये इस्टेट विकली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वाड्याच्या आतलं लाकूड, छपरावरचं शिसं असं जे काढून विकता येईल ते काढलं गेलं. उरलं ते आज दिसतं. भिंती खंबीर आहेत, आतली बरीच दालनं मात्र नाहीशी झालीत.

बाग पाहताना मला एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. पंधराव्या अर्लनं केली ती बाग म्हणजे त्या काळातलं मनोरंजन उद्यानच होतं, फक्त त्यात बसायला गाड्या नव्हत्या. दरीच्या तळाशी पाण्यातून उभं राहिलेलं लोखंडी पॅगोडा-कारंजं, ते कॅंटनच्या एका पॅगोडावरून बेतलेलं. एका बाजूला काचेच्या घुमटांची हरितगृहं. चढावर स्विस धाटणीची झोपडी. पायवाटा अशा आखलेल्या की वळण घेतलं की अचानक कारंजं समोर यावं, आणखी चार पावलं गेल्यावर ते झाडीत लपावं, मग बऱ्याच वर गेल्यावर पुन्हा खाली खोल दिसावं. डोळ्यांना वर-खाली फिरवण्याचीच ही योजना. लाउडन हे त्या काळातले बागकामावरचे मोठे लेखक. त्यांना ही बाग अती वाटली होती, अर्लकडे कल्पना उदंड पण विवेक कमी असं त्यांचं मत होतं. आज आपण जिला वारसा म्हणून जपतो तीच बाग नवी असताना जाणकाराच्या डोळ्यांत खुपली होती. नव्या राइडनं जुन्या जागेची शोभा घालवली असं म्हणण्याआधी मी हे स्वतःला आठवून देते. तरीही ते म्हणावं लागतंच, कारण नवं सगळंच कालांतरानं शोभून दिसतं असंही नाही.

थीम पार्कच्या हिशेबात दृश्याला खातं नसतं. राइडपुढे रांग लागते, ती मोजता येते. ताशी किती माणसं बसली, किती थांबली, किती परत आली, सगळं आकड्यांत उतरतं. तळ्याकाठच्या बाकावर बसून वाड्याकडे पाहणाऱ्या आजोबांची मात्र रांग लागत नाही. त्यांना कुणी तिकिटाचा वेगळा दर लावत नाही, आणि उद्या त्यांच्या नजरेसमोर पोलादी चढण उभी राहिली तर ते तक्रार करतीलच असं नाही. ते नुसते दुसऱ्या बाकावर जातील. दृश्य असं निमूटपणे जातं, आणि गेलं हे कळायला एक पिढी लागते. ज्यांनी ते कधी पाहिलंच नाही त्यांना काय हरवलं ते कसं सांगणार?

ऑल्टनमध्ये हे घडू शकलं असतं. 1980 मध्ये तिथं कॉर्कस्क्रू ही दोनदा उलटी फिरणारी राइड आली, लोकांची झुंबड उडाली आणि बाग पाहायला येण्याची जागा थीम पार्क झाली. दहा वर्षांनी थंडर लूपर आली. ती झाडांच्या वर जात होती, त्यामुळे तिला परवानगी मिळाली ती तात्पुरती, आणि 1996 मध्ये ती उतरवावी लागली. चालती, लोकांना आवडणारी राइड निव्वळ नजरेच्या कारणासाठी काढावी लागणं, हे मला तरी दुसरीकडे फारसं आढळलेलं नाही.

आणि याच अटीतून नेमेसिस जन्माला आली.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पार्कला मोठी राइड हवी होती. जॉन वॉर्डली हे त्यांचे कल्पक. आधीच्या योजना या ना त्या कारणानं अडल्या, त्यात उंचीचं दुखणं होतंच. मग बोलिजर आणि माबिलार या स्विस जोडीची नवी रचना हाती आली. यात गाडी रुळाच्या खाली लटकते आणि बसणाऱ्यांचे पाय मोकळे हवेत लोंबतात. अमेरिकेत 1992 मध्ये ती पहिल्यांदा आली होती, युरोपात अजून कुठंच नव्हती. वर जाता येत नाही, तर खाली जाऊ, असं ठरलं. सुरुंग लावून खडक फोडला, जमिनीत मोठा खड्डा केला आणि त्या खड्ड्यात रूळ गुंडाळला. मार्च 1994 मध्ये नेमेसिस सुरू झाली. जमिनीवर तिची उंची अवघी 13 मीटर, पण तिच्या रुळाची एकूण घसरण जवळपास 32 मीटर. बाकीची सगळी खोली पोटात.

पोर बसायला गेली, मी मानेच्या दुखण्यामुळे बाहेरच थांबले आणि कठड्याला टेकून विहिरीत डोकावावं तसं खाली पाहत राहिले. फोडलेल्या खडकांच्या कडा, त्यांवर उगवलेली झुडपं, आणि रक्तासारख्या लाल पाण्याचे झरे. गोष्ट अशी की जमिनीखाली एक राक्षसी प्राणी सापडला आणि त्याला जखडायला हा रूळ बांधला. आधी काहीच नसतं. मग पायांखालून घरघर वाढत येते आणि गाडी समोरच्या कड्याला घासून गेल्यासारखी वर उसळते. मला स्पष्ट दिसले ते बुटांचे तळवे. पिवळे, पांढरे, चिखलानं माखलेले, एकाचा बंद सुटलेला, ओळीनं सगळे आभाळाकडे. पुढच्याच क्षणाला ते खडकामागे नाहीसे. माझ्या शेजारी एक बाई कडेवरच्या बाळाला दाखवत होती. तिनंही राइड घेतलेली नव्हती, तरी तो खेळ तिचाही होता.

इथं मला या सगळ्याचं मर्म हाताला लागल्यासारखं वाटलं. उंच राइड दुरून दिसते आणि दुरूनच संपते. आभाळावर तिची आकृती एकदा पाहिली की पाहणाऱ्याला पुढे काही उरत नाही. नेमेसिस जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही, आणि जवळ गेल्यावर प्रत्येक वळणावर वेगळी दिसते. वाटा तिच्या अंगाखांद्यांवरून जातात. अर्लच्या बागेतली पायवाट पॅगोडाला जशी दाखवते आणि लपवते, अगदी तशाच. वॉर्डलींनी बाग डोळ्यांपुढे ठेवून हे केलं की नाही, ते बाजूला राहू दे. पण झाडांच्या शेंड्यांनी त्यांना त्याच वाटेवर आणून सोडलं. बसणाऱ्यालाही त्याचा फायदा झाला. उघड्या आभाळात ताशी 81 किलोमीटर हा काही फार मोठा वेग नाही. हातभर अंतरावरून खडक सरकत असेल तर तोच वेग जीव घशाशी आणतो.

चार वर्षांनी, 1998 मध्ये, याच पार्कनं ऑब्लिव्हियन आणली. जमिनीवर वीसेक मीटर, आणि घसरण 55 मीटर. गाडी कड्यावर येऊन क्षणभर लटकते आणि धुरानं भरलेल्या काळ्या विवरात थेट कोसळते. तिथंही मर्यादा तीच, उपाय तोच, आणि या वेळी तर जगात कुणी न केलेली गोष्ट.

त्याच 1994 मध्ये, नेमेसिसनंतर दोन महिन्यांनी, ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर बिग वन सुरू झाली. 65 मीटर उंच, त्या वेळी जगातली सर्वांत उंच रोलर कोस्टर. तिच्यापेक्षा उंच रोलर कोस्टर ब्रिटनमध्ये यायला तीस वर्षं लागली, 2024 मध्ये थॉर्प पार्कच्या हायपेरियानं तो मान घेतला. ब्लॅकपूलचा किनारा सपाट, एकसरळ, तिथं झाडाआड लपण्याचा प्रश्नच नाही. आयफेलवरून स्फूर्ती घेतलेला 158 मीटरचा ब्लॅकपूल टॉवर त्या साली शंभर वर्षांचा झाला. बिग वननं टॉवरला काहीही उणेपणा आणला नाही, असं माझं ठाम मत आहे. दोघांत चांगलं अंतर आहे, उंचीत फरक आहे, आणि किनाऱ्यावरून चालताना एकाकडे पाठ केली की दुसरा समोर येतो. त्या गावाला आभाळात रेघ ओढण्याची सवयच आहे. कारखान्यांतून सुटीला आलेली कुटुंबं टॉवर आधी कुणाला दिसतो याच्या पैजा लावत.

खरी झळ बसली ती बिग वनच्या पायाशी असलेल्या म्हाताऱ्या राइड्सना. ती जिथं उभी आहे त्या प्लेझर बीच पार्कात 1923 चा लाकडी बिग डिपर आहे, 1935 चा ग्रँड नॅशनल आहे, 1904 पासून फिरणारं सर हायराम मॅक्सिम यांचं विमानांचं चक्र आहे. जागा अपुरी, म्हणून बिग वनचा रूळ या जुन्यांच्या गर्दीतून आणि वरून वाट काढत जातो. बिग डिपरच्या पांढऱ्या लाकडी चौकटीची एकेकाळी आभाळावर स्वतःची लय होती. आता तिच्या मागे पोलादाची इतकी मोठी चढण उभी आहे की नजर डिपरवर ठरतच नाही. तो मोडला नाही, चालतो, लोक बसतात. फक्त तो लहान झाला. यात कायदा मोडलेला नाही, कुणाचा वाईट हेतूही नाही. तरी मला त्या लाकडी चौकटीबद्दल वाईट वाटतं.

आणखी एक तऱ्हा आहे, वेषांतराची. तीही 1994 चीच. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये त्या जुलैत टॉवर ऑफ टेरर उघडला, 199 फूट उंचीचं पछाडलेलं हॉटेल. तो उभा आहे एका पार्कात, पण दिसतो शेजारच्या एपकॉट पार्कातूनही, आणि तोही नेमका मोरोक्कोच्या दालनामागे. मोरोक्कोचं दालन 1984 चं, राजे हसन दुसरे यांनी आपले कारागीर धाडून घडवून घेतलेलं. म्हणून टॉवरचा माथा आणि रंग असे ठेवले की एपकॉटच्या तळ्यापलीकडून पाहणाऱ्याला तो मोरोक्कोचाच एखादा मनोरा वाटावा. शेजाऱ्याची एवढी कदर मला आवडते. दोन-चार वर्षं आधी त्याच तळ्याच्या मागे स्वॅन आणि डॉल्फिन ही दोन अवाढव्य हॉटेलं, माथ्यावर पक्षी आणि मासे घेऊन, अशीच बिनदिक्कत उभी राहिली होती. त्या मानानं हे फारच समंजस. तरी वेषांतर एकाच कोनातून साधतं, बाजूला सरकलं की ते उघडं पडतं. खड्ड्याचं तसं नसतं.

मी बोरिवलीत वाढले, त्यामुळे पार्क आणि वास्तू यांचा हा शेजार मला नवा नाही. गोराईच्या जेट्टीवरून लाँचनं खाडी ओलांडताना पलीकडे एस्सेलवर्ल्ड दिसायचं. 1989 चं ते पार्क, आमच्या शाळेच्या सहलींचं. पुढे त्याच्या शेजारी विपश्यना पॅगोडाचं काम सुरू झालं आणि खाडीवरचं चित्र पालटलं. म्यानमारच्या श्वेडगॉनच्या घाटाचा सोनेरी घुमट, उंची शंभरेक मीटर, आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. इथं क्रम उलटा होता. पाळणे आधी आले, वास्तू मागाहून आली आणि इतकी मोठी आली की पाळणे तिच्या पदराखाली गेले. कुणी कुणाची शोभा घालवली हा प्रश्न तिथं मला कधी पडला नाही. आणि खोपोलीजवळच्या इमॅजिकात नेमेसिसच्याच स्विस मंडळींची नायट्रो आहे, चाळीसेक मीटरची. सह्याद्रीची भिंत मागे असली की तेवढी उंची नजरेला जाचत नाही. उंचीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, मागे काय आहे त्यावर सगळं ठरतं. दरीत तेरा मीटरही जपून मोजावे लागतात.

ऑल्टनच्या झाडांना एक गोष्ट मात्र जमलेली नाही. दुपारी मी एकटी बागेत उतरले. पॅगोडाभोवती पाणी शांत होतं, माणसं तुरळक, आणि झाडीच्या भिंतीपलीकडून ठरावीक वेळानं किंकाळ्यांची एक लाट येत होती. दिसत काहीच नाही. शेंड्यांवरून केबल कार तेवढी संथपणे सरकत होती. या आवाजाचा मला त्रास व्हायला हवा होता, पण झाला नाही, आणि त्याचं कारण चढावरची ती स्विस झोपडी. अर्लनं तिथं एका अंध वेल्श हार्पवादकाला ठेवलं होतं, दरीत संगीत भरून राहावं म्हणून. फिरणाऱ्याला वादक दिसू नये, सूर तेवढे यावेत. म्हणजे न दिसणाऱ्या जागेहून येणारा आवाज हा या बागेचा दोनशे वर्षांपूर्वीचा बेत आहे. किंकाळी म्हणजे हार्प नव्हे, हे मला कळतं, आणि शेजारच्या गावात ज्यांना पार्क सुरू असेपर्यंत रोज ती ऐकावी लागते त्यांची गोष्ट वेगळी आहे. पण बागेतल्या त्या बाकावर बसून मला वाटलं की डोळ्यांना जे वाचवलं गेलंय त्याच्या बदल्यात कानांनी एवढं सोसायला हरकत नाही.

2000 मध्ये तर एक राइड थेट वाड्याच्या आतच बसवली, हेक्स नावाची. जवळच्या एका साखळदंडांनी बांधलेल्या ओकची दंतकथा ती सांगते. बाहेरून वाड्याची एक रेषाही बदलली नाही. पडझडीला आलेल्या दालनांमध्ये पुन्हा माणसांचा वावर सुरू झाला, यापेक्षा चांगलं त्या वाड्याचं काय व्हायचं होतं?

पोर बाहेर आली ती लालबुंद होऊन. "परत," एवढाच शब्द. मी तिला विचारलं, खाली असताना काय दिसलं? ती म्हणाली, "काही नाही. दगड आला, दगड आला, दगड आला, आणि मग एकदम आकाश." मग थोडं थांबून म्हणाली, "बाहेरून बघायला तुला बोअर नाही झालं?" मी तिला कठड्याशी नेलं, आणि आम्ही दोघींनी पुढच्या तीन गाड्या पाहिल्या. तिसऱ्या गाडीला ती स्वतःच बोट दाखवून सांगू लागली, आता इथून येईल, आता तिकडून.

नेमेसिस आता स्वतःच जुनी झाली आहे. 2022 च्या शेवटी ती बंद केली, झिजलेला रूळ आणि आधाराचे खांब उतरवून नवे घातले आणि मार्च 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नवा रूळ काळा आहे, त्यावर लाल शिरा रंगवल्यात. वळणं मात्र होती तशीच ठेवली. एखादं वाढवलं नाही, उंची एक हातही वर नेली नाही. पडलेल्या देवळाचे चिरे जसेच्या तसे रचावेत एवढी निष्ठा लोकांनी तिच्यासाठी मागितली आणि ती पाळली गेली. तीस वर्षांपूर्वी जिला वाड्यासाठी आणि खोऱ्यासाठी जमिनीत घालावं लागलं, तिचंच दृश्य आता जपण्याजोगं झालंय.

ब्रिटनमध्ये मोठ्या बांधकामाला परवानगी मागताना ठरावीक ठिकाणांहून फोटो घेतात आणि त्यांत नवी वास्तू कशी दिसेल ते रेखाटून दाखवतात. ऑल्टनमध्ये पुढची मोठी राइड येईल तेव्हा खोऱ्याच्या पलीकडचे रस्ते आणि गावं त्या यादीत असतीलच. वाड्यासमोरची हिरवळ असेल, पॅगोडाजवळचा बाक असावा. माझी विनंती एवढीच की त्यात आणखी एक जागा घालावी. नेमेसिसच्या खड्ड्याचा कठडा, न बसणारी माणसं जिथं उभी राहतात तो. तिथून समोरच्या खडकांमागे आज फक्त झाडं आणि आभाळ आहे. नव्या राइडचा रूळ त्या चौकटीत घुसत असेल, तर नकाशावर तिची उंची नियमात बसली तरी परवानगी देऊ नये.